मृगाआधी लम्पीची लस: रोगाची चाल ओळखून तयारी करा

लम्पी म्हणजे गाई-बैलांच्या कातडीवर गाठी उठवणारा विषाणूचा रोग. त्याची लस टोचल्यावर गाईच्या अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. मृग 7-8 जूनच्या सुमारास लागतो आणि पहिल्या सरींबरोबर गोठ्यात हा रोग पसरवणारे डास, चावऱ्या माश्या वाढतात. म्हणून मे महिन्याच्या मध्यापर्यंत लस टोचून झालीच पाहिजे. गावात जनावर आजारी पडल्यावर डॉक्टरांच्या मागे धावणं किती महागात पडतं, हे 2022 च्या पावसाळ्यात आपण पाहिलं आहे.

साथ कुठे, किती वेगाने जाईल याचा अंदाज शास्त्रज्ञ गणिती मॉडेल मांडून बांधतात. बंगळूरची निवेदी ही संस्था जनावरांच्या प्रमुख रोगांचा जिल्हावार इशारा दोन महिने आधी देते. या गणितातलं थोडं जरी आपल्याला कळलं, तरी गोठ्यात कशाची घाई करायची ते ठरवता येतं.

लम्पी दोन चालींनी पुढे जातो. पहिली चाल माशीची. 2015-16 मध्ये ग्रीस, बल्गेरिया आणि आसपासच्या देशांत आलेल्या साथीत रोग सरासरी आठवड्याला सात किलोमीटरच्या आसपास सरकला. आपल्याकडे गोठे दाटीने आहेत, तेव्हा तोच आकडा धरून बसू नका, पण हिशेब करून पाहा. 2022 मध्ये राज्यात बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघात लस दिली जात होती. पहिल्या गाठीची खबर आठवडाभर दडली, तर या वेगाने रोग परिघाबाहेर गेलेला असतो आणि लस मागच्याच गावांत चाललेली असते.

दुसरी चाल टेम्पोची. बाजारातून आणलेली गाय एका रात्रीत दोन जिल्हे ओलांडते. ब्रिटनमध्ये 2001 साली लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा दुसरा साथीचा रोग ओळखू येण्याआधीच मेंढ्यांच्या बाजारांतून दूरवर पसरला होता आणि साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. लम्पीची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ जास्तीत जास्त 28 दिवस धरतात. म्हणून नवं जनावर 28 दिवस वेगळं बांधा. त्याची बादली, दावं वेगळं ठेवा आणि धार सगळ्यांत शेवटी काढा. ऊसतोडीवरून परतलेल्या बैलांची लस राहिली असेल, तर आधी त्यांचा नंबर लावा.

लस गावातल्या किती जनावरांना हवी? समजा, एका आजारी गाईपासून चार गाईंना लागण होते. त्यातल्या तिघींना लसीने वाचवलं, तरी एक सापडतेच आणि साखळी चालू राहते. ती तुटायला चारांत तिघींहून जास्त जनावरं सुरक्षित हवीत. शिवाय लस प्रत्येक जनावरात सारखी लागू पडत नाही. म्हणूनच ‘माझ्या दोनच गाई, त्याही घरीच असतात’ म्हणून लस टाळू नका. चार महिन्यांवरची वासरंही दाखवा. गाभण गाईबद्दल डॉक्टरांना विचारा. सुई मात्र दर जनावराला नवी हवी, हे उभं राहून बघा.

सकाळी गोठ्यात पाच मिनिटं गाईचे पुढचे पाय बघा. ती सारखे पाय आपटत असेल आणि नडगीवर डोकं वर करून बसलेल्या राखी माश्या दिसत असतील, तर त्या रक्त पिणाऱ्या माश्या आहेत. त्यांच्या अळ्या गव्हाणीखालच्या मुताने भिजलेल्या, कुजक्या पेंढ्यात वाढतात. अंड्यापासून माशी व्हायला उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून तो पेंढा दर आठवड्याला उपसून उन्हात पातळ पसरा. नुसती फवारणी करून तो तसाच ठेवला, तर माश्या पुन्हा येतात. याच वेळी अंगावरून हात फिरवा. ताप, डोळ्यांतून पाणी, खांद्यापुढची सुजलेली गाठ, एकाएकी घटलेलं दूध ही सुरुवात असते. कातडीवरच्या टणक गोल गाठी नंतर उठतात. त्यांच्या वाळलेल्या खपल्यांत विषाणू महिनाभर तग धरू शकतो, म्हणून खपल्या झाडून उकिरड्यावर टाकू नका.

शंका आली की त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात किंवा 1962 या हेल्पलाइनवर कळवा. बाजार बंद होईल, दूध घेणार नाहीत, या भीतीने माणसं गप्प बसतात. ती भीती खरी आहे. पण लम्पी माणसाला होत नाही, आणि उकळलेलं दूध प्यायला हरकत नाही, हे डेअरीवर सगळ्यांसमोर स्पष्ट सांगा.

गोठ्यात एक वही टांगून ठेवा: कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, लसीची तारीख, जनावर कुठून आलं, कुठे गेलं. साथ आली तर डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.