हॉटेल आणि सेवाभावी संस्था एकत्र येतात तेव्हा : या चुका टाळा

एप्रिलमधली दाट लग्नतिथी. रात्री साडेअकराला हॉल रिकामा झाला तेव्हा दोन मोठी पातेली वरण आणि एक पातेलं मसालेभात तसाच उरला होता. मी तेव्हा त्या हॉटेलात बँक्वेटचं काम बघत होतो. एका बालगृहाला फोन करून सांगितलं, "उद्या जेवण आमच्याकडून, तुम्ही स्वयंपाक करू नका." गाडी पोहोचली दुसऱ्या दिवशी अकरा वाजता. तिथल्या ताईंनी झाकण काढलं तर वरणावर फेस आलेला आणि आंबूस वास सुटलेला. साठ लेकरं ताटं घेऊन बसलेली, आणि आमच्या शब्दावर विसंबून चूल पेटवलेलीच नव्हती. खिचडी शिजेपर्यंत दोन वाजले. ताई एक शब्दही बोलल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं.

त्यानंतर बरीच वर्षं हॉटेल आणि संस्था यांच्यामधल्या कामात आहे. मराठवाड्यात या भागीदाऱ्या कुठे फसतात ते सांगतो.

उरलेलं देणं म्हणजे भागीदारी नव्हे

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. "परत उकळून घ्या" हा सल्ला तर मुळीच देऊ नका. तासन् तास बाहेर राहिलेल्या भातात एक विष तयार होऊ शकतं, ते उकळूनही जात नाही. जास्तीचं अन्न गोळा करून वाटण्याबद्दल अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत आणि ते १ जुलै २०२० पासून लागू झाले. पण कितीतरी मॅनेजरांनी त्यांचं नावसुद्धा ऐकलेलं नाही.

पंगतीत फिरलेलं किंवा बुफेवर मांडलेलं देऊ नका. भटारखान्यातल्या पातेल्यात हात न लागता राहिलेलं असेल तेवढंच द्या आणि पातेल्यावर शिजवल्याची वेळ लिहा. दही, रायता, पनीर, बासुंदी आणि चिरलेली फळं पाठवूच नका. फोन साडेअकराला नको, नऊलाच करा. किती पानं उठणार याचा अंदाज आचाऱ्याला तोवर आलेला असतो. आणि अन्न त्याच रात्री खाणाऱ्यापर्यंत पोहोचणार नसेल तर देऊ नका. छत्रपती संभाजीनगरात २०१५ पासून भुकेल्यांना अन्न देणाऱ्या रोटी बँकेसारखे उपक्रम आहेत. अशा ठिकाणी अन्न तासाभरात ताटात पडतं. साठ किलोमीटरवरच्या वसतिगृहाला तोच नियम लावता येत नाही.

खरं सांगायचं तर ठरवून, ताजं शिजवून दिलेलं जेवण कधीही चांगलं. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठा सोमवारी. त्या भागातल्या हॉटेलांच्या भटारखान्यात त्या दिवशी हात मोकळे असतात. आठवड्यातून एकदा साठ पानांचं पिठलं, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करायला कितीसा खर्च येतो? लेकरांना पास्त्यापेक्षा ते जास्त रुचतं, हे मी पाहिलेलं आहे.

हॉटेलचं कॅलेंडर गावावर लादू नका

हॉटेलला मदत आठवते ती डिसेंबर अखेरीला किंवा मालकाच्या वाढदिवसाला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांचं वर्ष मात्र दसरा-दिवाळीला वळतं. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, कोयता, म्हणजे तोडणी करणारी जोडी, कारखान्याकडे निघतो आणि गावात म्हातारी माणसं आणि शाळकरी लेकरं मागे राहतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहांना रोज जेवण, पांघरुणं आणि साबण लागतो. वर्षातून एकदा शंभर ब्लँकेट देण्यापेक्षा सहा महिने दर पंधरवड्याला किराणा पोहोचवा. काय लागतं ते संस्थेला विचाराच, पण आपल्या भांडी घासणाऱ्या पोरालाही विचारा. त्याचे आईवडील कदाचित ऊसतोडीच्या फडावर असतील. माझ्या अनुभवात सगळ्यात अचूक यादी अशाच एकाने दिली होती.

एक आणखी. कर्मचाऱ्यांच्या पगारातून एक दिवस परस्पर कापून "आमच्या स्टाफने दिले" म्हणू नका. हे अत्यंत चुकीचं आहे.

बचत गटाकडून खरेदी, पण उधारीवर

पापड, चटणी, हळद, मसाले महिलांच्या गटाकडून घ्यायचे ठरते. कौतुकाने पहिली ऑर्डर जाते आणि बिल हॉटेलच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे साठ दिवस पडून राहतं. किराणा दुकानदार ते सोसतो, पण गटाकडे शेंगदाणे घ्यायला तेवढंच भांडवल असतं. दुसऱ्या ऑर्डरचा माल आला नाही म्हणून हॉटेल म्हणतं, "यांना सातत्य जमत नाही." जमणार कसं? निम्मे पैसे आगाऊ द्या आणि उरलेले माल उतरताच द्या. गटाची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, असेल तर कायद्यानेही पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात.

लेकरांचे फोटो

बालगृहातल्या मुलांचे चेहरे, नाव किंवा शाळा छापणं हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. हॉटेलच्या इन्स्टाग्रामला यातून सूट नाही. रांगेत उभं राहून धनादेश घेताना त्या लेकरांना काय वाटत असेल, ते त्यांच्या नजरेतच दिसतं. फोटो हवाच असेल तर भाकरी थापणाऱ्या आपल्या आचाऱ्याचा काढा.

कागदपत्रं

संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि देणगीवरच्या आयकर सवलतीची, म्हणजे ८०जी नावाने ओळखली जाणारी, मान्यता बघून घ्या. दोन हजारांच्या वर रोख दिलं किंवा अन्न, कपडे अशा वस्तू दिल्या तर ८०जीची सवलत मिळत नाही. ती मिळते असा गैरसमज फार पसरलेला आहे. नफ्याच्या दोन टक्के सीएसआरचं, म्हणजे समाजकार्यावर खर्च करायचं, बंधन ५०० कोटी नक्त मालमत्ता, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांनाच आहे. आपलं तीस खोल्यांचं हॉटेल त्यात बहुधा येत नाही. तुम्ही त्यात येत असाल तर संस्थेकडे सीएसआर-१, म्हणजे असा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी, हवी.

बिनसलं असेल तर

संस्था फोन उचलत नसेल तर रागावण्याआधी समोर जाऊन बसा. बहुतेकदा आपण काहीतरी नको ते पाठवलेलं असतं आणि नाही म्हणायला त्यांना भीड पडलेली असते. "नाही" म्हणायचा हक्क त्यांना लेखी द्या. हॉटेलात मॅनेजर बदलला की काम थांबतं, म्हणून दोन्हीकडे दोन-दोन माणसांची नावं ठरवा. एक पान पुरतं : काय, किती, कोणत्या वारी, कोण आणणार, नाही जमलं तर किती वाजेपर्यंत कळवणार.

त्या बालगृहाशी आमचं काम पुढे पुन्हा सुरू झालं. तेव्हाच्या पानावर ताईंनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली होती : गाडी साडेनऊपर्यंत आली नाही तर चूल पेटवावी.