स्टेन्ड ग्लासचा नाद: खर्च कुठे करावा, कुठे हात आखडावा

रंगीत काचेचा नाद लागला की घरात आधी जागा संपते, मग पैसे. दोन तुकड्यांपुरती काच आणायला गेलेला माणूस चार शीट काखोटीला मारून परततो. पण खिशाला खरी चाट बसते ती चुकीच्या कापण्यात फुकट गेलेल्या काचेमुळे. म्हणून हात बसेपर्यंत रंगीत काच विकतच घेऊ नये.

आधी कापायला शिका

जुन्या फ्रेममधली साधी काच सरावाला उत्तम. पैसे घालायचे ते कार्बाइडचं चाक असलेल्या, तेल भरता येणाऱ्या चांगल्या कटरवर, डोळ्यांच्या गॉगलवर आणि काच तोडायच्या पकडीवर. कटर सरळ धरा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारख्या दाबाने एकदाच फिरवा. करकर असा बारीक, अखंड आवाज यायला हवा. रेघ पुसट वाटली म्हणून तिच्यावरून पुन्हा कटर फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. तसं केलं की चाक खराब होतं आणि काच भलतीकडेच फुटते. रेघ मारली की लगेच तोडा.

खडबडीत काच असेल तर गुळगुळीत बाजू वर ठेवायची. आत वळणारी खोल कमान एका फटक्यात निघत नाही. उथळ रेघा मारत, थोडी थोडी काच कुरतडत तिथपर्यंत जावं लागतं. आणि आतला काटकोनी खाचा? कटरने तो निघत नाही, त्या जागी चित्रच बदलावं.

चित्र

पहिल्या कामात आठ-दहा तुकडे पुरे. चित्राच्या दोन प्रती काढून तुकड्यांना नंबर द्या. एक प्रत टेबलावर राहील, दुसरीचे साचे कापायचे. दोन तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याच्या कडेला चिकटवायच्या तांब्याच्या पातळ पट्टीसाठी साधारण 1 मिमी फट सोडायची. ती विसरलात तर प्रत्येक तुकड्यागणिक चित्र फुगत जातं.

आता रंगीत काच घ्या, पण तुकड्यांत. काही गुलाबी काचांचा रंग सोन्याच्या क्षारातून येतो आणि किंमतही तशीच असते. गुलाबी पाकळ्यांसाठी ठेवा, पार्श्वभूमीला नको.

घासणं आणि पट्टी

एकरकमी मोठा खर्च म्हणजे काच घासायचा ग्राइंडर. घाई करू नका. सुरुवातीला पाण्यात भिजवलेला कार्बोरंडमचा दगड चालतो. वेळ जास्त लागतो एवढंच. शिकवणीच्या वर्गात ग्राइंडर वापरायला मिळाला तर सोन्याहून पिवळं. दगड असो की यंत्र, काच ओलीच घासायची. कोरडी धूळ फुप्फुसात नको.

घासलेले तुकडे धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर पट्टी चिकटत नाही. 3 मिमी काचेला साधारण साडेपाच मिमी रुंदीची तांब्याची पट्टी लागते. ती कडेच्या दोन्ही बाजूंना सारखी दुमडून पेनाच्या टोपणाने दाबून बसवा. काच पारदर्शक असेल तर पट्टीची आतली बाजू आरपार दिसते. सांधे शेवटी काळे करायचे असतील तर काळ्या अस्तराचीच पट्टी घ्यावी. हे मला पहिलं काम खिडकीत टांगल्यावर कळलं.

डाख

इलेक्ट्रॉनिक्सची 25 वॅटची डाख द्यायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) इथे दमते. 80 ते 100 वॅटची, तापमान कमी-जास्त करता येणारी हवी. डाख, म्हणजे पट्ट्यांचे सांधे जोडायचा वितळणारा धातू, 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं असलेला, आत राळ नसलेला घ्या. तो 183 ते 190 अंश सेल्सिअसला वितळतो. आधी फ्लक्स (तांबं साफ करून डाख धरायला लावणारं रसायन), मग जागोजागी टिपके, मग सांधा भरणं आणि शेवटी त्यावर गोलसर उंचवटा. इस्त्री एका जागी रेंगाळली तर काच तडकते किंवा डाख खालून ओघळतो.

शिशाबद्दल गंभीर राहा. डाखकामाच्या तापमानाला दिसणारा धूर मुख्यतः फ्लक्सचा असतो, त्यासाठी खिडक्या उघड्या ठेवा. शिसं पोटात जातं ते हातावाटे. कामाच्या टेबलावर चहासुद्धा नको, काम संपलं की साबणाने हात धुवा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. बिनशिशाचा डाख मिळतो. महाग असतो आणि जरा हट्टीपणाने वाहतो, पण घरात मूल असेल तर तोच घ्यावा.

फ्लक्स त्याच दिवशी भांड्याच्या साबणाने धुऊन काढा. मग पॅटिना (सांध्यांचा रंग बदलणारं रसायन), मग मेण.

टांगायची कडी नुसत्या कडेच्या पट्टीला कधीच जोडू नका. ती पट्टी गोंदावर चिकटलेली असते आणि वजनाने सोलून निघते. दोन तुकड्यांमधला सांधा जिथे कडेला येऊन मिळतो, तिथे डाखात कडी बुडवा.