पानांतला स्टार्च वेगळा कसा करावा

बटाटा किसून पाण्यात कालवला की थोड्याच वेळात तळाशी पांढरा थर बसतो. पानांचं तसं नाही. पानातला स्टार्च दिवसभर उन्हात जमतो आणि रात्रीतून झाड तो वापरून टाकतं. त्यामुळे पानं मावळतीच्या सुमारास खुडावीत. पहाटेच्या पानांत हाती फारसं काही लागत नाही.

घेवडा किंवा तंबाखूची पूर्ण वाढलेली पानं चांगली. कांद्याची पात नको, ती स्टार्चऐवजी साखर साठवते. पालकही मी टाळेन. त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे जड स्फटिक स्टार्चसोबतच तळाला बसतात आणि पांढरा गाळ पाहून उगाच आनंद होतो.

खुडलेली पानं लगेच बर्फात ठेवा, नाहीतर पानातली विकरं (एन्झाइम) स्टार्च तोडत राहतात. मग बर्फासारख्या गार पाण्यात मिक्सरमधून बारीक वाटा. स्टार्चचे कण हरितलवकांच्या, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कप्प्यांच्या, आत असतात, ती फुटायलाच हवीत. पाण्यात किंचित ट्रायटन एक्स-१०० (प्रयोगशाळेतलं साबणासारखं द्रव्य) घातलं तर काम सोपं होतं. लगदा आधी मलमलीतून आणि नंतर २० मायक्रोमीटरच्या नायलॉन जाळीतून गाळा. चोथा पुन्हा एकदा वाटून गाळलात तर उतारा वाढतो.

खरी अडचण इथून पुढे. कण जेमतेम १ ते २ मायक्रोमीटरचे. १ मायक्रोमीटरचा कण पाण्यात तासाला सुमारे १ मिलिमीटर खाली जातो, म्हणजे १० सेंटिमीटर उंचीचं भांडं निवळायला चार दिवस! तोवर पाणी आंबेल. म्हणून सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या वेगाने फिरवून गाळ तळाला बसवणारं यंत्र, हवाच: ३००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट जोर), १५ मिनिटं.

वरचं हिरवं पाणी ओतून द्या. गाळ अजून हिरवट असेल. तो ०.५ टक्के एसडीएसच्या (हेही साबणासारखंच द्रव्य) द्रावणात ढवळून पुन्हा फिरवा, म्हणजे प्रथिनं आणि पटलांचे तुकडे सुटतात. हे धुणं खोलीच्या तापमानालाच करा, गारठ्यात एसडीएसचेच स्फटिक होतात. असं दोन-तीनदा झालं की फेस जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. उरलेलं हरितद्रव्य इथेनॉल काढून घेतं.

वाळवताना घाई नको. ओला स्टार्च ६० अंशांच्या पुढे गेला की त्याची खळ होते, म्हणून पसरून वाऱ्यावरच सुकवा. चिमूटभर भुकटी पाण्यात उकळून, गार करून, आयोडीनचा थेंब टाका. रंग निळा-काळा झाला तर स्टार्च आहे. पिवळाच राहिला तर बहुधा पानं खुडायची वेळ चुकली.