नवीन फ्लाइट इन्स्ट्रक्टर झालात? या चुका टाळा

२०० तास पूर्ण करून सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) घेतलं, इन्स्ट्रक्टर रेटिंग पण झालं, आता स्टुडंटच्या डाव्या सीटवरून इन्स्ट्रक्टरच्या उजव्या सीटवर आलात. फ्लाइंग स्कूल बारामतीचं असो नाहीतर गोंदियाचं, इथे एक चूक नवीन लोक हमखास करतात आणि ती बाहेरून कोणाला दिसत पण नाही.

गुपचूप मदत करायची.

सेसना १७२ हे ट्रेनिंगचं छोटं विमान फायनलवर (रनवेच्या समोर, उतरायच्या शेवटच्या टप्प्यात) आहे, स्पीड ६५ नॉटच्या आसपास, स्टुडंटला फ्लेअरला (टेकण्याआधी नाक हळूच वर घ्यायला) उशीर होतोय, तुम्ही दोन बोटांनी योक (विमानाचं हँडल) जरासं मागे घेता, पायाने थोडा रडर देता आणि लँडिंग मस्त होतं. त्याला वाटतं आपल्याला जमलं, पुढच्या सॉर्टीला (उड्डाणाला) परत तेच, आणि मग तुम्हीच वैतागता की एवढे तास झाले तरी हा सोलोला (एकट्याने उडवायला) तयार कसा नाही. अहो, लँडिंग तुम्हीच करताय ना! हात-पाय कंट्रोल्सच्या अगदी जवळ असू द्या, पण वर टेकवू नका. घ्यायचंच असेल तर मोठ्याने "आय हॅव कंट्रोल" म्हणा, त्याच्याकडून "यू हॅव कंट्रोल" ऐका. अर्धं त्याच्याकडे अर्धं तुमच्याकडे हा प्रकार सगळ्यात धोक्याचा, दोघांनाही वाटतं समोरचा उडवतोय.

फ्लेअर सतत चुकतोय तर नुसतं "मागे घे, मागे घे" ओरडून काही होत नाही. बहुतेक वेळा गडबड नजरेची असते, तो नाकासमोरची जमीन बघत बसतो, त्याला रनवेच्या लांबच्या टोकाकडे बघायला लावा. विमान बलून झालं (टेकण्याऐवजी परत वर उचललं गेलं) आणि त्याने घाबरून नाक खाली ढकललं तर नोजव्हील आधी आपटतं, त्यामुळे तिथे वाट बघू नका, गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून परत वर. कुठल्या परिस्थितीत तुम्ही कंट्रोल घेणार हे ब्रीफिंगमध्येच त्याला सांगून ठेवा, म्हणजे वरती वाद नाही आणि त्याचा कॉन्फिडन्सही जात नाही.

कॉकपिटमध्ये बडबड कमी करा, एटीसी (एअर ट्रॅफिक कंट्रोल) बोलत असताना तर अजिबात नको.

डीब्रीफला (उड्डाणानंतरच्या चर्चेत) "छान होतं, प्रॅक्टिस कर" म्हणून पळू नका, पोरं एवढे पैसे भरून येतात. आधी त्यालाच विचारा काय झालं, मग एकच गोष्ट पक्की करून घ्या. आणि विदर्भात मे महिन्यात दुपारी थर्मल्समध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) विमान उसळतं, क्लाइंबही मरगळतो, तेव्हा नवख्याची सर्किट्स (रनवेभोवती फेरी मारून परत परत उतरायचा सराव) सकाळी लवकरच लावा.