सरकार बदलायच्या बेतात आहे आणि शहराच्या प्रोजेक्टमध्ये उतरायचंय? मग हे बघा

आधी मेलबर्नचं सांगतो. तिथे ईस्ट वेस्ट लिंक नावाच्या रस्त्याच्या करारावर सत्ताधारी सप्टेंबर २०१४ मध्ये सह्या करून मोकळे झाले, निवडणूक नोव्हेंबरमध्ये, आणि विरोधक आधीपासून ओरडून सांगत होते की आम्ही आलो तर हा करार मानणार नाही. ते आले, रस्ता रद्द झाला. कंपन्यांना आधीच झालेल्या खर्चापोटी ३३.९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, पण तिथल्या ऑडिटर जनरलने २०१५ मध्ये हिशोब मांडला तर न बांधलेल्या रस्त्याचा एकूण खर्च १.१ अब्जाच्या वर निघाला.

म्हणून पहिलं काम, टेंडर उघडायच्या आधी विरोधी पक्षाचा जाहीरनामा वाचा. तुमच्या प्रोजेक्टचं नाव त्यात "रद्द करू" असं आलं असेल तर सही निवडणुकीनंतर. नाव नसेल तर त्यांनाही जाऊन भेटा, पण चोरून नाही, सत्ताधाऱ्यांना दाखवलं तेच प्रेझेंटेशन घेऊन आणि सत्ताधाऱ्यांना सांगून.

दुसरं, सही कुणाची घेताय. मंत्र्याचा शब्द, महापौरांबरोबरचा फोटो, यांचा नंतर काही उपयोग नसतो. सभागृहाचा ठराव हवा, बजेटमध्ये तरतूद हवी, आणि फाइलवर अधिकाऱ्यांचे शेरे हवेत, कारण माणसं जातात पण फाइल तिथेच राहते. मेलबर्नला सरकारने वेगळं पत्र देऊन कबूल केलं होतं की करार कोर्टात टिकला नाही तरी भरपाई देऊ. दिसायला भक्कम, पण पुढे वाद पेटला तो त्याच पत्रावरून. बाजूची पत्रं घेऊ नका, जे काय ते करारात लिहून घ्या.

आता करार रद्द झाल्यावरचं कलम, इथे वकिलाला दोन दिवस जास्त बसवा. तुमच्या चुकीने रद्द झाला तर किती, सरकारच्या मर्जीने झाला तर किती, नवीन कायद्यामुळे झाला तर किती, हे तीन वेगळे हिशोब आहेत आणि लोक एकाच वाक्यात उरकतात. बँकेचं कर्ज आधी फिटणार का, मोजणी कोण करणार, किती दिवसांत पैसे, लवाद कुठे, सगळं आकड्यात आणि तारखेत. "योग्य ती भरपाई" हा शब्दप्रयोग दिसला की खोडा.

कामाचे तुकडे असे पाडा की प्रत्येक तुकडा एकटा वापरता येईल. मेक्सिको सिटीचा नवा विमानतळ साधारण एक तृतीयांश झाला होता, ऑक्टोबर २०१८ मध्ये जनमत घेतलं आणि नव्या सरकारने थांबवला. एक तृतीयांश विमानतळावर विमान उतरत नाही. तेच एखाद्या रस्त्याचा मधला पूल झालेला असेल तर लोक वापरायला लागतात आणि मग तो पाडायची हिंमत कुणी करत नाही.

जमीन स्वस्तात मिळतेय म्हणून खूश होऊ नका. बर्लिनमध्ये भिंत पडल्यावर १९९० मध्ये पॉट्सडामर प्लाट्झ या मध्यवर्ती चौकातली जागा डाइमलर-बेंझला (मर्सिडीज गाड्यांची कंपनी) विकली, नंतर युरोपियन कमिशनने भाव कमी लावला म्हणून कंपनीला जास्तीचे पैसे भरायला लावले. बाहेरच्या व्हॅल्युअरकडून (जागेची किंमत ठरवणाऱ्याकडून) भाव काढून घ्या आणि तो जाहीर करा, नंतर चौकशी लागली तर हाच कागद कामाला येतो.

सगळं मोडेलच असं नाही हां. जोहान्सबर्गमध्ये १९९२ ला, म्हणजे वर्णभेदाचं राज्य अजून जायचं होतं तेव्हाच, धंदेवाले, महापालिका आणि वस्तीतले लोक एकत्र बसून सेंट्रल जोहान्सबर्ग पार्टनरशिप उभी राहिली. सरकार १९९४ मध्ये बदललं, पण बोलायचं टेबल आधीच मांडलेलं होतं. तुमच्या कमिटीतही रहिवाशांची खुर्ची ठेवा, शोभेची नको, मत असलेली.

आणि निकाल लागला की अभिनंदनाचे होर्डिंग लावू नका, वाईट दिसतं. त्यापेक्षा त्याच आठवड्यात अधिकाऱ्यांना साइटवर बोलवा, झालेल्या कामाची दोघांनी मिळून मोजणी करा, मोजमाप वहीत सह्या घ्या, तारखेचे फोटो काढा. नवीन साहेब येऊन काम थांबवायला सांगतील तेव्हा किती झालंय यावर भांडण नको.