पिक नेमकं कुठे अडकतं?

गिटारवर अल्टरनेट पिकिंग, म्हणजे पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) आळीपाळीने खाली-वर वाजवणं, शिकायला लागल्यावर पहिलं वर्षभर मी मेट्रोनोमचा (ठोका देणाऱ्या यंत्राचा) वेग थोडा थोडा वाढवत राहिले. एका ठोक्यात चार सूर धरून ९० बीपीएमपर्यंत (मिनिटाला ९० ठोके) नीट यायचं. १००ला मनगट आखडायचं आणि सूर एकमेकांवर चढायचे. माझा हातच संथ आहे अशी माझी पक्की समजूत झाली होती.

मग एकदा डावा हात बाजूला ठेवून एकाच मोकळ्या तारेवर नुसतं खाली-वर वाजवलं. १२०ला, म्हणजे सेकंदाला आठ सूर, आरामात निघाले. हात संथ नव्हताच! नवीन शिकणाऱ्याने ही तपासणी सगळ्यात आधी करावी. एका तारेवरही हात अडत असेल तर पकड बघा: अंगठ्याचं पेर आणि तर्जनीची कड यांमध्ये पिक, टोक जेमतेम तीन-चार मिलिमीटर बाहेर. पातळ पिक वाकतं आणि सूर मागे पडतो. मला एक मिलिमीटरपेक्षा जाड पिक मानवतं.

माझी खरी अडचण तार बदलण्यात होती. प्रत्येक तारेवर तीन सूर असलेली स्केल (ओळीने चढणारे सूर) घ्या. जाड तारेवर खाली-वर-खाली झालं की पिक दोन तारांच्या मधल्या फटीत उतरतं. पुढच्या तारेवर तर अपस्ट्रोक (खालून वर) हवा, म्हणजे ती तार ओलांडून पलीकडे जायला हवं. मी तिथे दर वेळी हात उचलून उडी मारत होते. सावकाश वाजवताना उडीला वेळ मिळतो, म्हणून चूक दिसतच नाही. नुसता संथ रियाज मला म्हणूनच पुरला नाही, उलट उडीचीच सवय पक्की झाली.

उपाय मनगटाच्या दिशेत सापडला. पिकचा मार्ग तारांच्या पातळीला अगदी समांतर न ठेवता किंचित तिरका केला, की एका बाजूचा स्ट्रोक संपताना टोक आपोआप तारांच्या वर येतं. माझ्या हातात ते अपस्ट्रोकला येतं. म्हणून मी प्रत्येक तारेवर चार सूर असलेले तुकडे घेतले: डाउनस्ट्रोकने सुरुवात, अपस्ट्रोकने शेवट, आणि पुढच्या तारेकडे जायला वाट मोकळी. तुमचं टोक कोणत्या स्ट्रोकला बाहेर येतं ते फोनवर स्लो मोशनमध्ये टिपा; नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही.

सरावाला दोन शेजारच्या तारा पुरतात. आठ सूर वेगात वाजवायचे, थांबायचं, दंड सैल सोडायचा, पुन्हा आठ. प्रत्येक गटाच्या पहिल्या सुरावर जोर दिला की डावा हात मागेपुढे झाला तर लगेच ऐकू येतं. मनगट दुखलं की त्या दिवशी गिटार खाली ठेवायची, यात मी अजिबात सूट देत नाही.

चार-चारचे तुकडे आता १४०ला स्वच्छ येतात. तीन-तीनच्या स्केलमध्ये मात्र डाउनस्ट्रोकनंतरही टोक तारांच्या वर सुटावं लागतं, आणि ती बाजू अजून ११०वरच आहे. बसले की रोज सुरुवात तिथूनच करते.