कुत्रा घेऊन गिऱ्हाईक दारात आलं की

दुकानाच्या दारावर कामाला कुणी नवीन उभं राहिलं की पहिल्या दिवशी मी एकच सराव करून घेते. मी हातात पट्टा धरून आत येते, पट्ट्याच्या टोकाला कुत्रा आहे असं समजायचं, आणि समोरच्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघून ‘या, काय दाखवू?’ एवढंच विचारायचं. सोपं वाटतं, पण जवळजवळ प्रत्येकाची नजर आधी खाली जाते. पट्टा रिकामा असतानाही जाते. खरा कुत्रा असला की ती तिथंच अडकते आणि माणूस बाजूला राहतो. म्हणून आम्ही हा सराव अंगवळणी पडेपर्यंत करतो. आधी माणूस, मग कुत्रा.

मी सतरा वर्षं दुकानात काम करतेय. सुरुवातीची काही वर्षं बिलिंगवर गेली, मग फ्लोअर सांभाळायला लागले. या काळात प्राण्यांवरून झालेले बरेच वाद पाहिले. त्यातले बहुतेक दारातच पेटलेले होते आणि दारातच विझवता आले असते.

आधी कोण कोण येतं ते समजून घ्या. पाळीव प्राणी म्हणजे घरचा कुत्रा किंवा मांजर, मालकाच्या हौसेनं सोबत आलेली. सेवा-प्राणी म्हणजे एखाद्या अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम करायला शिकवलेला प्राणी, बहुतेक वेळा कुत्रा. अंध माणसाला अडथळ्यांतून वाट काढून देणारा गाइड डॉग सगळ्यांना माहीत असतो. पण कमी ऐकू येणाऱ्याला हाक किंवा धोक्याची घंटा वाजल्याचं नाकानं ढोसून सांगणारा कुत्रा असतो, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाची पडलेली किल्ली उचलून देणारा असतो, फिट आल्यावर माणसाजवळ थांबून मदत मिळवून देणारा असतो. तिसरा प्रकार भावनिक आधाराच्या प्राण्यांचा. ते जवळ असले की मालकाला बरं वाटतं, पण ठरावीक काम शिकवलेलं नसतं. फरक मालकाच्या आजारात नसून कुत्र्याच्या शिक्षणात आहे. घाबरण्याचा झटका येतोय हे ओळखून माणसाच्या मांडीवर भार देऊन त्याला शांत करायला शिकवलेला कुत्रा हा सेवा-कुत्राच, जरी त्या माणसाकडे बघून तुम्हाला काहीच कळत नसलं तरी.

आता नियम. देशोदेशी ते वेगळे आहेत, तेव्हा तुमच्या ठिकाणचा लिखित नियम मिळवून बिलिंग काउंटरच्या आत चिकटवून ठेवा. तरी अमेरिकेची पद्धत दारावरच्या माणसाला शिकण्यासारखी आहे. तिथं अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० साली झाला आणि १५ मार्च २०११ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांत सेवा-प्राणी म्हणजे कुत्रा अशी व्याख्या पक्की झाली. (छोट्या जातीच्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद आहे. असा घोडा मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण अंधांना वाट दाखवणारे घोडे आहेत.) कुत्र्याचं काम उघड दिसत नसेल तर दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात. अपंगत्वामुळे हा कुत्रा सोबत लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? आजार कोणता, कागद दाखवा, काम करून दाखवा, हे विचारायचं नाही. भावनिक आधाराचे प्राणी या व्याख्येत बसत नाहीत, त्यांना पाळीव प्राण्याचाच नियम लागतो. ब्रिटनमध्ये २०१०च्या समानता कायद्याखाली साहाय्यक कुत्र्यामुळे अपंग गिऱ्हाइकाला नाकारणं भेदभाव ठरू शकतं.

हे दोन प्रश्न विचारण्याचीही रीत आहे. जवळ जा, आवाज खाली ठेवा, रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं बोलू नका. गाइड डॉगच्या पाठीवर कडक मुठीचा हार्नेस (अंगाभोवती बांधलेला, माणसानं धरायचा साज) दिसतोय, हातात पांढरी काठी आहे, तर प्रश्नच विचारू नका. काम डोळ्यांसमोर दिसतंय. बाकी वेळी मी म्हणते, ‘हा तुमच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा आहे का?’ हो म्हटलं की ‘काय काम करतो?’ उत्तर मिळालं की ‘बरं, या,’ आणि विषय संपला.

मी हे असं नेहमी करत नव्हते. फ्लोअरवर आल्याच्या पहिल्या वर्षी एक बाई आल्या, साधारण चाळिशीच्या, धडधाकट दिसणाऱ्या. सोबत तपकिरी रंगाचा लहानसा कुत्रा, अंगावर जॅकेट नाही की काही नाही. मी कार्ड मागितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, कार्ड नसतं, हा शिकवलेला आहे. मी पुन्हा मागितलं. रांग मागे वळून बघायला लागली. तेवढ्यात कुत्र्यानं त्यांच्या गुडघ्यावर पंजा मारला. मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा, जोरात. मी म्हटलं, ‘बघा, ऐकत नाहीये तो.’ त्या उत्तर न देता रॅकला टेकून खाली बसल्या. कपाळावर घाम होता. पिशवीची चेन उघडताना बोटं थरथरत होती. त्यांनी ग्लुकोजच्या गोळ्या काढून तोंडात टाकल्या आणि कुत्रा त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून बसून राहिला. रक्तातली साखर उतरायला लागली की अंगाच्या वासात पडणारा फरक ओळखून पंजा मारायचा, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. मी ज्याला बेशिस्त म्हणाले ते त्याचं काम होतं. मी त्यांना पाणी आणून दिलं, माफी मागितली. त्यांनी माफ केलं की नाही ते मला ठाऊक नाही, त्या पुन्हा आल्या नाहीत.

तेव्हापासून मी नव्या लोकांना सांगते की जॅकेट आणि कार्ड यांवर विसंबू नका. ‘सर्व्हिस डॉग’ असं छापलेली जॅकेटं आणि ओळखपत्रं कुणीही ऑनलाइन मागवू शकतो. अमेरिकेत तर अशा नोंदणीला कायद्याच्या लेखी किंमतच नाही. खरा कुत्रा बिनजॅकेटचा असू शकतो आणि जॅकेट घातलेला कच्चा असू शकतो. बघायचं ते वागणं. शिकलेला कुत्रा मालकाच्या पायाशी चिकटून चालतो, पट्टा ढिला असतो, चालताना माल हुंगत नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे ओढत नाही. मालक थांबला की तो बसतो किंवा आडवा होतो, आणि जमलं तर काउंटरच्या खाली असा सरकतो की शेपटीवर कुणाचा पाय पडू नये. मधूनमधून मान वर करून मालकाचा चेहरा बघतो. ही मान वर करणं एकदा ओळखायला शिकलात की तुमचा अर्धा गोंधळ मिटतो.

मग बाहेर काढायचं कधी? दोन वेळा. कुत्रा आवरत नाही आणि मालकही त्याला आवरायला काही करत नाही, ही एक. त्याला घाण कुठं करायची याची शिस्त नाही, ही दुसरी. एकदा भुंकला म्हणून काढायचं नाही, तो इशारा असू शकतो किंवा कुणीतरी शेपटीवर पाय दिलेला असू शकतो. पण सतत भुंकणं, अंगावर जाणं, रॅकवर पाय ठेवून उभं राहणं खपवून घेऊ नका, मग तो सेवा-कुत्रा का असेना. सांगायचं ते कुत्र्याबद्दल सांगा, माणसाबद्दल नाही. ‘हा लोकांच्या अंगावर जातोय, याला बाहेर न्यावं लागेल. तुम्हाला हवं ते सामान मी काढून आणून देते.’ दुसरं वाक्य गाळू नका. कुत्रा बाहेर गेला तरी माणसाचा खरेदीचा हक्क दुकानातच असतो.

‘मला ॲलर्जी आहे’, ‘मला भीती वाटते’ म्हणणारी गिऱ्हाइकं येतातच. त्यांचंही खरं असतं. पण त्यासाठी सेवा-कुत्र्याला बाहेर काढायचं नसतं, दोघांमध्ये अंतर ठेवायचं असतं. एकाला दुसऱ्या काउंटरवर घ्या, किंवा कुत्रा कोणत्या बाजूला आहे ते सांगून दुसऱ्या वाटेनं न्या. लहान मुलं धावत येतात तेव्हा आईबापांच्या आधी तुम्ही पुढे व्हा. ‘तो आत्ता कामावर आहे, त्याला हात नाही लावायचा’ हे मुलांना पटकन समजतं, मोठ्यांना जरा वेळ लागतो. हाक मारू नका, चुचकारू नका, खायला देऊ नका. गाइड डॉग आणि त्याच्या माणसामध्ये सतत बोलणं चालू असतं, हार्नेसच्या मुठीतून, पट्ट्यातून. मध्ये कुणी ‘अले अले’ केलं की ते तुटतं आणि माणूस ट्रॉलीवर आदळतो.

अंध गिऱ्हाइकाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथं चांगल्या मनाची माणसंही चुकतात. गाइड डॉग म्हणजे नकाशा नव्हे. कुठं जायचं ते माणूस ठरवतो, कुत्रा त्याला आदळू न देता नेतो. साबण कोणत्या रॅकवर आहे हे कुत्र्याला माहीत नसतं. म्हणून ‘तिकडं’, ‘त्या बाजूला’ असं हात दाखवून सांगू नका. ‘सरळ दहा पावलं, मग उजवीकडे वळा, कंबरेच्या उंचीवर’ असं सांगा. हार्नेस किंवा पट्टा कधीही धरू नका, ते चालत्या गाडीचं स्टिअरिंग ओढण्यासारखं आहे. मदत हवी का विचारा. हवी असेल तर तुमचं कोपर पुढे करा, बहुधा कुत्रा असतो त्याच्या उलट बाजूनं. सरकता जिना टाळून लिफ्टकडे न्या, कारण जिना संपतो तिथल्या धातूच्या दात्यांत कुत्र्याचा पंजा किंवा नख अडकू शकतं. बिल झालं की रक्कम तोंडानं सांगा. सुटे परत देताना नोटा एकेक करून, ‘ही शंभराची, ही पन्नासची’ असं म्हणत हातात द्या. वाटेत ठेवलेली खोकी उचला. ओल्या फरशीची पिवळी पाटी त्यांना दिसत नाही, ती तुम्ही सांगायची.

आता पाळीव प्राणी. त्यांना आत घ्यायचं की नाही हा दुकानाचा निर्णय, आणि उघड्या खाद्यपदार्थांचा विभाग असेल तर स्थानिक आरोग्य नियमांचाही. घेणार नसाल तर स्पष्ट पाटी लावा आणि सगळ्यांना सारखा नियम लावा. ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या पामेरियनला सूट आणि अनोळख्याला नकार, असं केलंत की नियम संपला. पण नकार देताना ‘बाहेर बांधून या’ किंवा ‘गाडीत ठेवा’ असं कधीच म्हणू नका. बाहेर २१ अंश सेल्सिअस एवढी सुखाची हवा असली तरी बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत ३२च्या आसपास आणि अर्ध्या तासात ४०वर जातं. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, गरम कोंदट हवेत ते साधत नाही. त्यापेक्षा ‘तुम्ही दारात थांबा, काय हवं ते सांगा, मी आणते’ म्हणा.

घेणार असाल तर पट्टा आखूड, दीड मीटरच्या आत. बटण दाबून लांबणारा पट्टा असेल तर तो आवळून लॉक करायला सांगा. आमच्याकडे असाच एक पट्टा सुटून ट्रॉलीच्या चाकात गुंतला होता, कुत्रा किंचाळला आणि ट्रॉली एका आजोबांच्या पायावर गेली. सामानाच्या ट्रॉलीत कुत्रा बसवू देऊ नका, त्याच ट्रॉलीत पुढचं गिऱ्हाईक भाजी ठेवतं. चॉकलेट, मनुका आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेली च्युइंग गम बिलिंगच्या खालच्या रॅकवरून वर हलवा. तिन्ही कुत्र्याला विषारी आहेत आणि खालचा रॅक बरोबर त्याच्या तोंडाशी येतो.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते सेवा-कुत्रा आणि पाळीव कुत्रा एकाच वेळी आत असताना. गाइड डॉगच्या तयारीला पिल्लापासून जवळपास दोन वर्षं जातात. दुसरा कुत्रा एकदा अंगावर आला, चावला, की तो भीतीनं कायमचा कामातून जाऊ शकतो, आणि मग त्याच्या माणसाला दुसऱ्या कुत्र्यासाठी वाट बघत बसावं लागतं. म्हणून पाळीव कुत्रा ताठ झाला, शेपटी कडक उभी राहिली, एकटक बघायला लागला की लगेच मध्ये ट्रॉली आडवी घाला आणि पाळीव कुत्र्याच्या मालकाला दुसऱ्या गल्लीत वळवा. भुंकण्याची वाट बघू नका.

फरशीवर कुणी लघवी केलीच तर आधी कागदानं टिपून घ्या, मग एन्झाइमचं क्लीनर वापरा. अमोनिया असलेलं क्लीनर नको, त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखाच लागतो आणि पुढचा कुत्रा तिथंच पाय वर करतो. मालकावर ओरडू नका, कागद त्याच्याही हातात द्या.

पाटीबद्दल शेवटचं. आमच्या दारावर लिहिलंय, ‘सेवा-प्राण्यांचं स्वागत. पाळीव प्राणी आखूड पट्ट्यावर, खाद्यपदार्थांच्या विभागात नकोत.’ अक्षरं मोठी आहेत, काळ्यावर पिवळी. पण ज्यांच्यासाठी पहिलं वाक्य लिहिलंय त्यातल्या काहींना ती वाचता येणार नाही. म्हणून दारावर जो उभा असेल तो हार्नेस दिसला की स्वतःचं नाव सांगतो आणि म्हणतो, ‘दार उघडंच आहे, एक पायरी वर आहे. काय घ्यायचंय?’